कोपऱ्यावरची पाटी

माझ्या आजोळच्या गावात (सातारा जिल्हा, नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर मावसभाऊ लगेच फोन करतील) चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. इंग्रजीत. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. बस्स. दोन आकडे. नावं नाहीत, कुठे गेले ते नाही, कशासाठी गेले ते तर नाहीच. अशा पाट्या आपल्याकडे बऱ्याच गावांत आहेत. इंग्रजांनी एकच साचा ठरवून दिलेला, फक्त गावाप्रमाणे आकडे बदलायचे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही त्या पाटीखाली गोट्या खेळायचो, आणि टेकायला गार लागते यापलीकडे तिचं काही कौतुक नव्हतं.

पुढे शाळेत 'पहिल्या महायुद्धाचे तात्कालिक कारण लिहा' हा दोन मार्कांचा प्रश्न आला. उत्तर सगळ्यांना पाठ. २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाचा युवराज फर्डिनांड याची एका सर्बियन तरुणाने हत्या केली. दोन वाक्यं, दोन मार्क, विषय संपला. सारायेव्हो नकाशात कुठे आहे हे कुणी विचारलं नाही, आणि चावडीवरच्या पाटीचा या उत्तराशी काही संबंध असेल असं तर डोक्यातही आलं नाही.

तो संबंध जुळायला ऑनसाइट जावं लागलं. सध्या आमचा क्लाएंट व्हिएन्नात आहे. पहिल्याच पावसाळी शनिवारी करायला काही नव्हतं म्हणून तिथल्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात गेलो, आणि एका खोलीत ती गाडी समोर उभी. ग्रेफ उंड श्टिफ्ट कंपनीची, काळी, उघडी. ज्या गाडीत फर्डिनांडला गोळी लागली तीच. शेजारी काचेत त्याचा रक्ताचे डाग पडलेला गणवेश. गाडीचा नंबर ए तीन रोमन आकड्यांत, मग ११८. युद्धबंदी ११-११-१८ ला झाली, तर हा नंबर आधीच भविष्य सांगत होता असं इंटरनेटवर लोक मोठ्या हौसेने लिहितात. (ऑस्ट्रियाची स्वतःची युद्धबंदी एक आठवडा आधीच झाली होती हे ते लिहीत नाहीत. असो.) मी तो डगला बघत बराच वेळ उभा राहिलो. मग घरी येऊन सारायेव्होचं तिकीट काढलं.

विमान तासाभराचं. उतरताना लक्षात येतं की हे शहर एका लांबट वाडग्यात आहे. मधून मिल्याच्का नावाची छोटी नदी, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि घरं डोंगरावर चढत गेलेली. हा वाडगा लक्षात ठेवा, नंतर लागेल.

ज्या पेन्शनमध्ये उतरणार होतो तिथल्या आजोबांनी नातीकडून मेल करवला होता, की विमानतळावरून थेट टॅक्सी करून पैसे घालवू नकोस, इलिजापर्यंत ये आणि तिथून तीन नंबरची ट्राम धर. आजोबा निवृत्त ट्राम ड्रायव्हर निघाले, त्यामुळे सल्ल्यात थोडा स्वार्थ होता :) पण ट्रामचा अभिमान त्यांना शोभतो. इथे घोड्यांची ट्राम १८८५ मध्ये आली आणि विजेची १८९५ मध्ये. आपल्या मुंबईत विजेची ट्राम धावायला १९०७ उजाडलं. ट्राम इलिजापासून सरळ पूर्वेला जाते आणि खिडकीतून इतिहासाचे थर उलट्या क्रमाने दिसतात. आधी टिटोच्या काळातले काँक्रीटचे ठोकळे, मग १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेलं ते पिवळंजर्द हॉटेल (पूर्वीचं हॉलिडे इन, वेढ्याच्या काळात जगभरचे पत्रकार इथेच राहायचे), मग ऑस्ट्रियन धाटणीच्या नक्षीदार इमारती, आणि शेवटी एकदम बैठी लाकडी दुकानं आणि मिनार. चारेकशे वर्षांचा सगळा प्रवास एका तिकिटात.

ती बैठी दुकानं म्हणजे बाश्चार्शिया, जुना तुर्की बाजार. शहराची सुरुवातच इथून, पंधराव्या शतकाच्या मध्यात, इसा-बेग या तुर्की सुभेदाराने वसवलं तेव्हापासून. मधोमध सेबिल नावाची लाकडी पाणपोई आणि कबुतरं, थोडं पुढे १५३१ च्या सुमाराची गाझी हुसरेव-बेगची मशीद. तांबटांच्या एका अख्ख्या गल्लीत ठोक ठोक आवाज चालू असतो, अगदी आपल्या तांबट आळीसारखा. मी एका टपरीवजा हॉटेलात चेवापी खाल्ली (न खाणाऱ्यांनी चीज भरलेला बुरेक घ्यावा, उपाशी राहणार नाही) आणि मग तांब्याच्या छोट्या भांड्यातली कॉफी मागवली. वेटरला भारतातून आलोय म्हटल्यावर त्याने 'टिटो, नेहरू!' असं म्हणून दोन बोटं जुळवून दाखवली. अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६१ ची, बेलग्रेडला झालेली. हा पोरगा तेव्हा जन्मलाही नसेल, आणि मीही.

त्याच्याशी बोलताना एक मजा कळली. चार्शिया हा शब्द मूळ फारसी, 'चार बाजू' म्हणजे चौक, त्यातला चार आपलाच. दुकानाला इथे दुचान म्हणतात. साबणाला सापुन. तुर्कांबरोबर हे शब्द इकडे गेले आणि तिकडे आपल्याकडेही आले, म्हणजे शब्दांचे आपण चुलतभाऊ. मी उत्साहाने अजून शब्द विचारत गेलो. तोफेला तोप. शत्रूला दुश्मन. तिथे आम्ही दोघेही जरा थांबलो, आणि त्याने कॉफी ओतली.

दुपारी तो कोपरा गाठला. खरं सांगतो, कोपरा अगदीच साधा आहे. नदीला समांतर रस्ता, त्यावर लॅटिन ब्रिज नावाचा चार कमानींचा दगडी पूल, आणि पुलासमोर जिथे एक गल्ली आत वळते तिथे एक मध्यम आकाराची इमारत. खाली छोटं संग्रहालय. १९१४ मध्ये तिथे मॉरिट्झ शिलर याचं खाद्यपदार्थांचं दुकान होतं. रस्ता इतका अरुंद की आपल्याकडे दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर भांडण व्हावं.

त्या दिवशी नेमकं काय झालं ते क्रमाने सांगतो, कारण दोन मार्कांच्या उत्तरात ते कधीच आलं नाही. फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी सकाळी नदीकाठच्या रस्त्याने टाउन हॉलकडे निघाले. सहा तरुण रस्त्याच्या कडेने ठराविक अंतरावर उभे. पहिल्यांच्या हातून काहीच झालं नाही. मग नेदेल्को चाब्रिनोविच याने बॉम्ब फेकला, तो गाडीच्या मागच्या दुमडलेल्या टपावरून घरंगळला आणि मागच्या गाडीखाली फुटला. चाब्रिनोविचने विष खाल्लं, ते बाधलं नाही. नदीत उडी मारली, तर उन्हाळ्यात नदीला घोटाभर पाणी. पकडला गेला. म्हणजे कट फसला होता. युवराज टाउन हॉलला पोचला, महापौरांनी आधी लिहून ठेवलेलं गोड भाषण तसंच वाचायला सुरुवात केली आणि शिव्या खाल्ल्या. मग जखमी अधिकाऱ्याला बघायला हॉस्पिटलात जायचं ठरलं आणि त्यासाठी रस्ता बदलला. नदीकाठानेच सरळ जायचं, गल्लीत वळायचं नाही. हे सगळ्या साहेबांना माहीत होतं. ड्रायव्हरला कुणीच सांगितलं नाही.

(आयटीवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? मीटिंगमध्ये ठरलं, मेल गेला, आणि ज्याने प्रत्यक्ष काम करायचं तो सीसीमध्ये नव्हता.)

ड्रायव्हर जुन्या प्लॅनप्रमाणे गल्लीत वळला. गव्हर्नर पोतिओरेक ओरडला, चुकलास, मागे घे. गाडी थांबली. आणि शिलरच्या दुकानासमोर, काही फुटांवर, एकोणीस वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. दोन गोळ्या. एक फर्डिनांडच्या मानेत, एक सोफीच्या पोटात. अकराच्या सुमाराला दोघंही गेले. बरोबर एका महिन्याने, २८ जुलैला, ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं. आठवड्याभरात अर्धं युरोप त्यात उतरलं.

प्रिन्सिप तिथे सँडविच खात होता ही गोष्ट तुम्हीही फॉरवर्डमध्ये वाचली असेल. तिला काही आधार नाही, हल्लीच्या काळात पसरलेली थाप आहे. तो तिथे उभा होता कारण तो युवराजाचा जाहीर झालेला परतीचा मार्ग होता. योगायोग ड्रायव्हरच्या बाजूने झाला, प्रिन्सिपच्या नाही. पण माणसाला सँडविच आवडतं.

आता पाटी. इमारतीच्या भिंतीवर साधी पाटी आहे, स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत. मतलब एवढाच, की या ठिकाणाहून २८ जून १९१४ रोजी गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफिया यांची हत्या केली. विशेषण नाही. क्रांतिकारक नाही, अतिरेकी नाही. मला पहिल्या फटक्यात ती फार आवडली. स्वच्छ, मुद्द्याचं, बग-फ्री वाक्य. मग आत संग्रहालयात गेलो, बाहेर येऊन पायरीवर बसून फोनवर वाचत राहिलो, आणि कळलं की या भिंतीची कमिट हिस्टरी भलतीच लांब आहे.

१९१७ मध्ये ऑस्ट्रियाने पुलाच्या तोंडाशी मृत दांपत्याचं भलंथोरलं स्मारक उभारलं. युद्ध हरल्यावर ते पाडलं गेलं. युगोस्लाव्हिया जन्माला आला, पुलाचं नाव 'प्रिन्सिपचा पूल' झालं, आणि १९३० मध्ये या कोपऱ्यावर काळ्या संगमरवराची पाटी लागली. प्रिन्सिपने इथे स्वातंत्र्याची घोषणा केली अशा अर्थाची. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन फौजा आल्या, त्यांनी पाटी उचकटली आणि हिटलरला त्याच्या वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. त्याचा फोटो आहे. हिटलर आपल्या खास रेल्वेगाडीत उभा राहून ती पाटी निरखतोय. पहिल्या महायुद्धातला एक शिपाई, त्या युद्धाची सुरुवात हातात घेऊन बघतोय. १९४५ मध्ये टिटोचे सैनिक आले आणि दुसरी पाटी लागली, जर्मन आक्रमकांविरुद्ध लढणाऱ्या प्रिन्सिप आणि त्याच्या साथीदारांना कृतज्ञतेने. १९५३ मध्ये अजून एक, जुलमाविरुद्ध जनतेचा निषेध वगैरे. पन्नाशीच्या दशकातच फुटपाथवर काँक्रीटमध्ये दोन पावलं कोरली, तो जिथे उभा होता तिथे. शाळेच्या सहली यायच्या आणि मुलं त्या पावलांवर पावलं ठेवून फोटो काढायची. १९९२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ती पावलं उखडली गेली, कारण आता प्रिन्सिप हा 'सर्ब' होता आणि डोंगरावरून तोफा डागणारेही सर्ब होते. मला आवडलेली पाटी २००४ ची. म्हणजे ती कुणाचं तरी एकमत झालं म्हणून स्वच्छ नाही, एकमत होण्यासारखं एकही विशेषण उरलं नाही म्हणून स्वच्छ आहे.

आणि गंमत बघा, पाटी बदलत राहिली, पण प्रिन्सिप स्वतः कोण होता? पश्चिम बॉस्नियातल्या गरीब कुळाच्या घरातला सर्ब मुलगा. पण त्याची संघटना, 'म्लादा बोस्ना', सगळ्या दक्षिणी स्लाव्हांचं एक राष्ट्र व्हावं म्हणून झटत होती. त्या दिवशी रस्त्यावर उभ्या असलेल्या सहा जणांत मुहमद मेहमदबाशिच हा मुसलमान होता. शस्त्रं मात्र सर्बियन लष्करी गुप्तहेर खात्यातल्या लोकांच्या मदतीने आली होती. ज्याला मारलं तो फर्डिनांड सर्बियाशी युद्ध करायच्या विरुद्ध होता, हे आणखी वेगळंच. प्रिन्सिपचं वय वीसच्या आत म्हणून फाशी टळली. वीस वर्षांची सजा झाली, थेरेसियनश्टाटच्या किल्ल्यात. क्षयाने हाड कुजलं, एक हात कापावा लागला, आणि एप्रिल १९१८ मध्ये तो मेला. युद्ध अजून चालूच होतं.

त्या सहांमधला सर्वांत धाकटा वासो चुब्रिलोविच, वय सतरा. तो सुटला, शिकला आणि बेलग्रेडला इतिहासाचा प्राध्यापक झाला! टिटोच्या सरकारात मंत्रीसुद्धा झाला. १९९० पर्यंत जगला. पण याच प्राध्यापकाने १९३७ मध्ये कोसोवोतल्या अल्बेनियन लोकांना देशाबाहेर कसं काढता येईल याचं रीतसर टिपण लिहिलं होतं. स्वातंत्र्यासाठी बॉम्ब घेऊन उभा राहिलेला पोरगा तेवीस वर्षांनी हे लिहितो. आता त्याची पाटी कशी लिहायची? मला सुचत नाही.

कोपऱ्यावरून नदीच्या काठाने उलटं पाच-सात मिनिटं चाललं की तो टाउन हॉल लागतो, विएच्नित्सा. युवराजाचा शेवटचा मुक्काम. पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांची, घोड्याच्या नालेसारख्या कमानींची अवाढव्य इमारत. १८९६ मध्ये उघडली. बघताक्षणी मला मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची आठवण झाली, आणि ती उगीच नाही. ऑस्ट्रियाने १८७८ मध्ये बॉस्निया ताब्यात घेतला तेव्हा मुसलमान प्रजेला आपलं वाटेल अशी इमारत हवी म्हणून कैरोच्या धर्तीवर ही काढली. बॉस्नियात असं काही कधीच नव्हतं. इंग्रजांनी आपल्याकडे घुमट आणि कमानी एकत्र करून जे केलं, तेच हे. इथल्या वास्तुविशारदांपैकी एकाचं नाव विटेक, आपल्या म्युझियमचा विटेट. साहेबांचे विचार तर जुळलेच, आडनावंही जवळपास जुळली.

नदीपलीकडे समोरच एक जुनं घर आहे, आता तिथे रेस्टॉरंट चालतं. त्याला 'इनात कुचा' म्हणतात. सांगतात ती गोष्ट अशी: टाउन हॉलच्या जागेवर एका म्हाताऱ्याचं घर होतं, तो हलेना. शेवटी त्याने सोन्याच्या मोहरांची थैली मागितली, वर अट घातली की घर वीट न् वीट उचलून नदीपलीकडे जसंच्या तसं बांधून द्यायचं. सरकारने दिलं. इनात म्हणजे जिद्द आणि खुन्नस यांच्या मधलं काहीतरी. आपल्याकडच्या धरणग्रस्तांना हा म्हातारा सल्लागार म्हणून मिळायला हवा होता.

१९४९ पासून विएच्नित्सात राष्ट्रीय आणि विद्यापीठ ग्रंथालय होतं. २५ ऑगस्ट १९९२ च्या रात्री डोंगरावरून त्यावर आग लावणारे गोळे पडायला लागले. नळाला पाणी नाही, अग्निशमन दलावर गोळीबार. लोकांनी साखळी करून हातोहात पुस्तकं बाहेर काढली, जेवढी निघाली तेवढी. एक तरुण ग्रंथपाल त्या धावपळीनंतर घरी जाताना गोळ्याने मारली गेली. कित्येक तास कागदाची काळी राख शहरावर पडत होती. दारावरच्या पाटीत वीस लाखांहून जास्त पुस्तकं आणि कागदपत्रं जळाली असं म्हटलंय, बाकी अंदाज पंधरा लाखांच्या आसपासचे आहेत. सगळेच मान्य करतात की बहुतेक संग्रह गेला. इमारत २०१४ मध्ये पुन्हा उघडली, आतलं रंगीत काचेचं छत डोळे दिपवणारं आहे. ग्रंथालय मात्र परत आलं नाही, ते आता विद्यापीठाच्या आवारात आहे. मोठमोठ्या कमानींखाली मी फिरलो, पण ज्यासाठी ही जागा रडली ते कपाटच नाही.

या दारावरची पाटी त्या कोपऱ्यावरच्या पाटीसारखी नाही. तिच्यात विशेषण आहे. 'सर्ब गुन्हेगारांनी' हे ग्रंथालय जाळलं असं ती म्हणते, आणि विसरू नका, आठवा आणि सावध करा असं बजावते. मी तिथे थबकलो. तासाभरापूर्वी मला बिनविशेषणाची पाटी आवडली होती, तर मग ही खटकायला हवी. आणि खटकतेही. कारण वेढ्यातल्या शहराचं रक्षण करणाऱ्या बॉस्नियन सैन्यातला योवान दिव्याक हा जनरल सर्बच होता. युद्धानंतरही इथेच राहिला, युद्धात अनाथ झालेल्या मुलांच्या शिक्षणासाठी संस्था चालवली, २०२१ मध्ये गेला तेव्हा शहर रडलं. त्या पाटीखालून जाताना त्याला काय वाटत असेल? पण दुसरीकडे असंही वाटलं, की 'या ठिकाणी १९९२ मध्ये आग लागली' अशी स्वच्छ पाटी लावली असती तर? आग लागत नसते, लावली जाते. ज्यांची पुस्तकं आणि माणसं जळाली त्यांना तीस वर्षांत निर्विकार वाक्य लिहा म्हणणारा मी कोण? माझं यावर अजूनही ठाम मत नाही. मला एवढं कळलं की प्रिन्सिपची पाटी निर्विकार व्हायला नव्वद वर्षं आणि दोन देशांचा अंत लागला. आणि तीही सगळीकडे नाहीच. २०१४ मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा व्हिएन्नाचा प्रसिद्ध वाद्यवृंद या विएच्नित्सात वाजवत होता आणि पूर्व सारायेव्होत, सर्बांच्या भागात, प्रिन्सिपचा नवा पुतळा उभा राहिला होता. एकच शताब्दी, काही किलोमीटर अंतर.

संध्याकाळी कोवाची कब्रस्तानाच्या बाजूने चढत झुता ताबिया या जुन्या बुरुजावर गेलो. कब्रस्तानात पांढरे उभे दगड, ओळीच्या ओळी, आणि मृत्यूच्या साली बघाव्यात तर १९९२, ९३, ९४, ९५. वर पोचल्यावर अख्खं शहर खाली. तो वाडगा. आणि मग पोटात गोळा येतो, कारण इथून प्रत्येक छप्पर, प्रत्येक अंगण, ट्रामची प्रत्येक खिडकी दिसते. समोरच्या त्रेबेविच डोंगरावर आणि आजूबाजूला तोफा होत्या. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, १४२५ दिवस. मार्काले बाजारावर फेब्रुवारी १९९४ मध्ये एकच गोळा पडला आणि ६८ माणसं गेली. २०१२ मध्ये शहराने मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल रिकाम्या खुर्च्या मांडल्या, वेढ्यात गेलेल्या एकेकासाठी एक. तोफांमागचा राजकीय नेता रादोवान काराजिच हा याच शहरातल्या हॉस्पिटलातला मानसोपचारतज्ज्ञ, वर कवी. त्याला कुठली गल्ली कुठे जाते हे माहीत होतं.

इथे एक आपलाही माणूस आठवला. युनोच्या शांतिसेनेचा पहिला सेनापती म्हणून मार्च १९९२ मध्ये या शहरात लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार आले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, १९७१ च्या युद्धातले वीरचक्र. ही सेना मुळात शेजारच्या क्रोएशियासाठी होती आणि मुख्यालय सारायेव्होत ठेवलं ते हे शहर शांत आहे म्हणून! दोन महिन्यांत मुख्यालय हलवावं लागलं. आणि त्यांच्या रेजिमेंटचे पूर्वज, मराठा पलटणी, १९१५-१६ मध्ये इराकात कुत-अल-अमारा इथे पूना डिव्हिजनबरोबर वेढ्यात अडकल्या होत्या. १४७ दिवस. शेवटी घोडे मारून खायची वेळ आली, आणि एप्रिल १९१६ मध्ये शरणागती. आजोळच्या पाटीवरचे ते आकडे तिथलेच असतील की फ्रान्समधले की आणखी कुठले, गावात आता सांगणारं कुणी नाही. पण ते निघाले याच खालच्या कोपऱ्यापासून. बुरुजावरून तो कोपरा बोटाने झाकता येतो.

अंधार पडल्यावर पेन्शनवर आलो. आजोबांनी रकिया पुढे केली, मी एक घोट घेतला आणि डोळ्यात पाणी आणून त्यांना हसवलं. नात मध्ये बसून भाषांतर करत होती. या भाषेला ती बॉस्नियन म्हणते, शेजारी सर्बियन म्हणतील, तिसरे क्रोएशियन. सिगारेटच्या पाकिटावर 'धूम्रपान मारतं' हे तीन भाषांत तीनदा छापल्याची इथली प्रसिद्ध गोष्ट आहे, त्यात दोनदा अक्षर न् अक्षर तेच आणि तिसऱ्यांदा फक्त लिपी वेगळी. ती सांगत होती की काही गावांत एकाच शाळेच्या इमारतीत दोन शाळा भरतात, दोन दारं, दोन इतिहासाची पुस्तकं. तिच्या मैत्रिणीला प्रिन्सिप वीर म्हणून शिकवला आणि तिला खुनी म्हणून. आजोबा शाळेत असताना तो सगळ्यांचाच वीर होता, आणि त्या काँक्रीटच्या पावलांवर उभं राहून काढलेला फोटो त्यांच्याकडे कुठेतरी आहे.

मी विचारलं, वेढ्यातल्या पहिल्या हिवाळ्यात चुलीला काय वापरलंत? आधी बागेतलं झाड, मग फर्निचर, मग बूट, मग पुस्तकं. कुठली पुस्तकं आधी? आजोबा खो-खो हसले. पक्षाच्या अधिवेशनांचे अहवाल. पण गुळगुळीत कागद नीट जळत नाही, म्हणाले, नुसता धूर होतो. शेवटी मुलीची शाळेची पुस्तकं गेली, तेव्हा मात्र बायको रडली.

मग त्यांनी माझा उद्याचा प्लॅन हातात घेतला. विमानतळाखालून १९९३ मध्ये खणलेला तो आठशे मीटरचा बोगदा बघायचा असेल तर सकाळी लवकर निघ, तीन नंबर धर, इलिजाला उतर. कुठून धरू, विचारलं. 'प्रिन्सिपच्या पुलावरून,' ते म्हणाले. नात म्हणाली, 'लॅटिन ब्रिज, देदो.' इथे आजोबांना 'देदो' म्हणतात. आजोबांनी हात झटकला. पस्तीस वर्षं त्या स्टॉपवर गाडी थांबवलीय मी, म्हणाले, आणि ग्लास पुन्हा भरला.

बोगद्याचं पुढच्या रविवारी. तोपर्यंत कुणाच्या गावात तशी संगमरवरी पाटी असेल तर आकडे मला नक्की कळवा.